शंभराची नोट कुठल्या पेटीत टाकायची?

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, मासळीबाजारात, कधी रात्री फोनवर मला एकच प्रश्न येतो. "टीव्हीवर ती सुदानची पोरं बघवत नाहीत गं. पैसे द्यायचेत, पण नेमके कुठे?" मी वसईची. नोकरी सगळी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. निवृत्त झाल्यावर आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे पॅरिशमधल्या), गरिबांसाठी काम करणाऱ्या संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेचा हिशेब माझ्याकडे आला आणि त्याच्या पाठोपाठ हे प्रश्नही आले. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही बरेच असतात, त्यांच्या शंकाही पुढे घेते.

रक्कम आधी, बातमी नंतर

बहुतेक जण उलटं करतात. भूकंपाची बातमी येते, पोटात कालवतं, मोबाइल हातात असतोच, पाचशे रुपये जातात. आठवड्याभरात बातमी मागे पडते आणि आपणही कामाला लागतो. यात वाईट काही नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्याप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात घरदार सोडून पळावं लागलेले लोक १२ कोटी ३२ लाख होते. २०११ च्या जनगणनेतल्या अख्ख्या महाराष्ट्राहून जास्त. त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं छावणीत आहेत, आणि छावणीतलं दहावं वर्ष ही कुणासाठी बातमी नसते. त्या लोकांपर्यंत पोचायचं तर पैसा दर महिन्याला, न आठवता गेला पाहिजे.

म्हणून आधी वर्षाचा आकडा ठरवा. कितीही लहान चालेल. त्यातला मोठा भाग दरमहा आपोआप जाईल अशी बँकेत सूचना द्या, पगार किंवा पेन्शन जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी. उरलेला भाग अचानक येणाऱ्या संकटासाठी बाजूला ठेवा. आकडा बसवायला उपवासकाळ बरा. चाळीस दिवस मटण बंद, आणि आपल्याकडे या दिवसांत लग्नं नसतात, म्हणजे आहेरही वाचतो. हे मी हसत सांगते, पण एकदा कागद घेऊन बेरीज करून बघा.

पेटीपेटीत फरक आहे

चर्चमध्ये वर्षातून अनेकदा खास कलेक्शन होतं आणि सगळं गरिबांनाच जातं असं आपण धरून चालतो. तसं नाही. गुड फ्रायडेचं कलेक्शन पवित्र भूमीसाठी असतं. जेरुसलेम, बेथलेहेम इथली देवस्थानं, तिथल्या ख्रिस्ती शाळा आणि कुटुंबं यांच्यासाठी, आणि त्यातला मोठा वाटा फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या हातून खर्च होतो. २९ जूनच्या आसपास पोपमहोदयांसाठी जी वर्गणी गोळा होते, ती पीटर्स पेन्स. तिच्यातून दानधर्म होतो, पण मोठा हिस्सा व्हॅटिकनची कचेरी चालवायला जातो आणि हे त्यांच्याच वार्षिक अहवालात उघड लिहिलेलं असतं. ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारचं कलेक्शन मिशन कार्यासाठी असतं. तीनही कामं आपापल्या जागी योग्य आहेत, मीही त्यांत टाकते. पण तुमच्या मनात निर्वासितांची छावणी असेल तर या पेट्या त्या वाटेवरच्या नव्हेत.

मदतकार्याची पेटी म्हणजे उपवासकाळातली, कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, जी कागदी पेटी किंवा पाकीट घरी मिळतं ते बहुधा हेच. बहुधा म्हणते, कारण प्रत्येक धर्मप्रांताची (एका बिशपांच्या हाताखालच्या भागाची) पद्धत थोडी वेगळी असते. फादरांना सरळ दोन प्रश्न विचारा: यातले किती पैसे धर्मप्रांतात राहतात, आणि बाकीचे कुठे जातात? विचारल्याबद्दल आजवर कुणी मला ओरडलेलं नाही.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार स्थलांतरित आणि निर्वासितांचा म्हणून पाळतात, आणि नोव्हेंबरात, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आदल्या रविवारी गरिबांचा दिवस असतो. हा दुसरा पोप फ्रान्सिस यांनी सुरू केला, पहिल्यांदा पाळला गेला २०१७ मध्ये. या दोन दिवशी पेटी फिरेलच असं नाही. धर्मग्रामाने मनावर घेतलं तर फिरते.

पैसा पुढे जातो कसा

कारितास म्हणजे रोममध्ये बसून जगभर चेक पाठवणारं एक ऑफिस, असा अनेकांचा समज असतो. खरं म्हणजे ती देशोदेशीच्या स्वतंत्र संस्थांची साखळी आहे. पहिली १८९७ साली जर्मनीत लोरेन्झ वेर्थमान या धर्मगुरूंनी उभी केली. आज अशा १६२ राष्ट्रीय संस्था आहेत. रोममधली मंडळी त्यांची सांगड घालतात, काम ज्याच्या त्याच्या देशात होतं. आपली कारितास इंडिया १९६२ ची, भारतीय बिशपांच्या परिषदेने स्थापन केलेली, कचेरी दिल्लीत. ती गावात स्वतः उतरते त्यापेक्षा धर्मप्रांतांच्या समाजसेवा संस्थांमार्फत जास्त काम करते.

कुठे मोठं संकट आलं की आधी त्या देशातली कारितास पाहणी करते. काय लागेल, किती लागेल, कोण करेल, याचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज बनतो. तो रोममार्फत बाकीच्या देशांतल्या कारितासकडे जातो आणि ज्याला जेवढं झेपेल तेवढा वाटा तो उचलतो. मागणी तळातून वर जाते, पैसा वरून खाली येतो. दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसून कुणी ठरवत नाही की त्यांना ब्लँकेट हवीत.

बांगलादेशचं बघा. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून कॉक्स बाजारला आले. तिथे कारितास बांगलादेश आधीपासून होती. नोव्हेंबर १९७० च्या प्रचंड चक्रीवादळानंतरच्या मदतकार्यातूनच तिचं काम मोठं झालेलं. माणसं, गाड्या, सरकारी ओळखी, भाषा, सगळं हाताशी होतं. शिबिरातली घरं बांबूची आणि ताडपत्रीची. आता बांबूचं आपल्याला वेगळं सांगायला नको: कच्चा बांबू उभा केला की भुंगा लागतो, पीठ गळायला लागतं आणि एखाद-दोन पावसाळ्यांत खांब वाकतो. तिथेही तेच झालं. मग बांबू बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून वापरायला सुरुवात झाली. आता मला सांगा, 'निर्वासितांच्या बांबूला बोरॅक्स' म्हणून कोण देणगी देईल? फोटोत येण्यासारखं त्यात काही नाही. असल्या गोष्टींना पैसे पुरतात ते ज्यांनी पावतीवर 'जिथे गरज असेल तिथे' असं लिहिलं त्यांच्यामुळे. माझा आग्रह इतकाच, देणगीला अट घालू नका. 'फक्त मुलांच्या जेवणासाठी' असं लिहिलंत तर ते पैसे जेवणालाच ठेवावे लागतात, मग तिथे पाणी साचून विहिरी सडत असल्या तरी.

तसंच 'शंभर टक्के पैसा थेट गरजूंना' असं जिथे छापलेलं असेल तिथे मी जरा थबकते. ट्रक चालवणाऱ्याला पगार लागतो, हिशेबनीसाला लागतो. तो कुठून तरी येतोच.

आपला रुपया आणि त्यांचा डॉलर

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो.

भारतातल्या धर्मादाय संस्थेने देशाबाहेर खर्च केला तर तिची करसवलत अडचणीत येते, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे तुम्ही कारितास इंडियाला दिलेला पैसा मुख्यतः भारतातच लागणार, सुदानला जाणार नाही. यावर काही जण नाराज होतात. त्यांना मी मणिपूर सांगते. ३ मे २०२३ पासूनच्या कुकी-मैतेई हिंसाचारात तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली, डोंगरातली कुकीही आणि खोऱ्यातली मैतेईही. काही तर पार मिझोराममध्ये गेली. कारितास इंडियाने इम्फाळच्या धर्मप्रांताबरोबर तिथे काम केलं. विस्थापित म्हणजे समुद्रापलीकडचा, हे डोक्यातून काढायला हवं.

दुसरी बाजू परदेशी पैशाची. भारतात येणाऱ्या परदेशी देणग्यांना एफसीआरए हा कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, कचेरीच्या खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कळीचा मुद्दा म्हणजे एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पूर्वी जर्मनीतून मोठ्या संस्थेकडे आलेले पैसे तिथून डोंगरातल्या लहान धर्मप्रांताच्या संस्थेला मिळायचे. ते दार बंद झालं. पण तुम्ही-आम्ही दिलेल्या रुपयाला एफसीआरएचं हे बंधन नाही. म्हणून पेटीतल्या शंभराच्या नोटेची किंमत २०२० नंतर वाढली आहे असं मी म्हणते. युरो जिथे पोचत नाही तिथे ती पोचू शकते.

यातून मी आमच्या कुटुंबासाठी एक वाटणी करून टाकली आहे आणि इतरांनाही तीच सुचवते. भारतात राहणाऱ्याने भारतातल्या गरीब-विस्थापितांसाठी द्यावं, परदेशात राहणाऱ्याने तिथल्या संस्थेमार्फत जगासाठी द्यावं. वसईत आणि गोव्यात असं घर सापडणं कठीण, जिथलं कुणी बाहेर नाही.

इथूनच सुदान किंवा गाझासाठी द्यायचा हट्ट असेल तर मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमात राहून रहिवासी भारतीयाला परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा. पण छोट्या रकमेत बँकेचे चार्जेस बरंच खाऊन टाकतात आणि इथे करसवलतही मिळत नाही. पाच-दहा हजारांसाठी हा उपद्व्याप करू नये असं माझं मत.

बाहेरच्या नातलगांना काय सांगायचं

इंग्लंडमध्ये असणाऱ्यांनी काफोडला द्यावं. १९६० साली तिथल्या कॅथलिक बायकांनी घरोघर एक दिवस उपास करून डॉमिनिकातल्या आयाबाळांच्या दवाखान्यासाठी पैसे जमवले, त्यातून ही संस्था उभी राहिली. तिथे कर भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत टिक करायला विसरू नका. तुमच्या दहा पौंडांवर सरकार अडीच पौंड घालतं आणि तुमच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही. आयर्लंडमध्ये त्रोकेरा, १९७३ पासूनची. उपवासकाळात तिचा पुठ्ठ्याचा डबा तिथे घरोघर टेबलावर असतो. तिकडे वर्षाला २५० युरो पार केले आणि एक फॉर्म भरला की कराचा परतावा संस्थेला मिळतो, २५० चे साधारण ३६२ होतात. २४० देऊन थांबणाऱ्या भाच्याला मी हेच सांगितलं, अजून दहा टाक.

अमेरिकेत कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस. दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांसाठी १९४३ मध्ये तिथल्या बिशपांनी सुरू केली. तिचा उपवासकाळातला 'राइस बोल' पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये १९७५ साली सुरू झाला. त्यातला पाऊण हिस्सा परदेशी कामाला जातो, पाव हिस्सा तिथल्याच धर्मप्रांतातल्या भुकेल्यांसाठी राहतो. कॅनडात 'डेव्हलपमेंट अँड पीस', ऑस्ट्रेलियात कारितास ऑस्ट्रेलिया.

आखातातल्यांनी मात्र जपून. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवरून आवाहन करणंही त्यात आलं. "दुबईतल्या ग्रुपवर टाक ना" असं इथून सांगून आपल्याच पोरांना अडचणीत आणू नका. तिथल्या धर्मग्रामात अधिकृत पेटी असेल तर तीत टाकावं. नाहीतर आपल्या भारतातल्या खात्यातून इथल्या संस्थेला द्यावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागेल, ती द्या.

आणि इथे गोव्याच्या मंडळींनी कान द्यावा. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की तुमची देणगी कायद्याने परदेशी. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, म्हापशाच्या घरी बसून रुपयांत दिली तरी. संस्थेच्या साध्या खात्यात ती जमा झाली तर त्रास संस्थेला होतो. त्यांना आधी सांगा, ते एफसीआरएचं खातं देतील.

निर्वासितांसाठीच द्यायचं असेल तर

मग जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस बघा. व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळालेल्या माणसांचे हाल बघून जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे त्या वेळचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १४ नोव्हेंबर १९८० रोजी ती सुरू केली. धान्य-तंबू यांपेक्षा शिकवणं, कायद्याची मदत, माणसाजवळ बसून ऐकणं यावर तिचा भर. तामिळनाडूत श्रीलंकेहून आलेल्या तमिळांच्या छावण्यांत तिने मुलांच्या अभ्यासाचं काम बरीच वर्षं केलं आहे, दिल्लीत अफगाण आणि म्यानमारच्या चिन कुटुंबांबरोबरही. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या निर्वासिताचं कागदोपत्री स्थान फार डळमळीत असतं. अशा वेळी मुलाच्या हातातला दहावीचा दाखला हा बहुतेकदा त्याचा पहिला पक्का कागद असतो. मला पोत्यांपेक्षा हे काम जास्त भावतं, पण ही माझी आवड झाली.

जुने कपडे देऊ नका. पूर आला की आमच्या हॉलमध्ये जरीचे शालू, उसवलेले ब्लेझर आणि एकेकटी पडलेली चप्पल यांचा डोंगर होतो. तो निवडायला माणसं लागतात आणि पाठवायला टेम्पो, त्या भाड्यात तिथल्याच बाजारातून नवी लुंगी-साडी येते आणि तिथल्या दुकानदाराचंही दुकान चालतं.

"यातून धर्मांतर करतात का हो?"

शेजारचे एक काका दरवर्षी विचारतात, आणि विचारणं रास्त आहे. मदतकार्य करणाऱ्या संस्थांची एक आचारसंहिता १९९४ साली ठरली: मदत गरज बघून द्यायची, धर्म-वंश बघून नाही, आणि ती कुठलाही धार्मिक किंवा राजकीय विचार पुढे रेटायला वापरायची नाही. ती पुढे आणणाऱ्यांत रेड क्रॉसबरोबर कारितासही होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ साली आपल्या पहिल्याच परिपत्रकात हेच बजावलं की सेवा हे माणसं ओढण्याचं साधन होऊ शकत नाही. कॉक्स बाजारच्या छावण्यांत बहुतेक सगळे मुसलमान आहेत, तामिळनाडूच्या छावण्यांत हिंदू जास्त. काकांना मी हे सांगते, आणि वर हेही सांगते की कुठे तांदळाबरोबर अट घातलेली दिसली तर तिथे एक पैसाही देऊ नका आणि बिशपांना लेखी कळवा. काका आता दरवर्षी देतात, आणि प्रश्नही दरवर्षी विचारतात.

पैसे पाठवण्याआधी आणि नंतर

काउंटरवर बसलेल्या माणसाला नावं वाचायची सवय लागते. तीच इथे लावा. यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते संस्थेचं हवं. व्यक्तीचं आलं तर थांबा, मग ते नाव ओळखीच्या फादरांचं का असेना. सिस्टरांचा झगा, रडणारं मूल, खाली एक मोबाइल नंबर आणि 'आजच्या आज' असा निरोप फिरत आला की तो पुढे पाठवू नका. पेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड नखाने उचकटून बघा, खाली दुसरा निघाला तर ऑफिसात दाखवा. संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता निरोपातल्या लिंकवरून घेऊ नका, स्वतः टाइप करा.

करसवलत ज्यांना हवी त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. चर्चच्या पेटीत टाकलेल्या पैशावर ती साधारणपणे मिळत नाही. कारिताससारख्या संस्थेला थेट दिले आणि पावतीवर ८०जीचा नोंदणी क्रमांक असला तर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर सवलत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. दहा हजार दिले तर साधारणपणे निम्मे, पाच हजार, उत्पन्नातून वजा होतात. पॅन नंबर देताना स्पेलिंग तपासा, कारण संस्था तुमचं नाव आयकर खात्याला कळवते आणि त्यावरून प्रमाणपत्र निघतं. आतापर्यंत ते १०बीई फॉर्मवर मेअखेरीनंतर मिळत आलं आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, लोक अजून ८०जीच म्हणतात. जूनमध्ये प्रमाणपत्र आलं नसेल तर एक फोन करा.

पेट्या उघडायच्या दिवशी

हे पेटी सांभाळणाऱ्या धर्मग्रामांसाठी. ईस्टरनंतर आम्ही हॉलमध्ये दोन टेबलं जोडतो, वर वर्तमानपत्रं पसरतो आणि सुरीने पेट्यांचे तळ कापतो. कोळीवाड्यातल्या पेट्या न बघता ओळखू येतात, नोटांना सुक्या बोंबलाचा वास असतो आणि मिठाने कडा ताठ झालेल्या असतात. लहान पोरांच्या पेटीत बटणं निघतात, पाडव्याला मिळालेली कोरी दहाची नोट घडी घालून घालून काडेपेटीएवढी केलेली निघते, एखादं दिरहामचं नाणं निघतं. सुटं मोजायला वेळ लागतो: दहाच्या नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती, पाचची वेगळी, चिकटलेली नाणी कोमट पाण्यात.

नियम साधे. एकट्याने कधीही मोजायचं नाही. मोजणारे दोघे एका घरातले नकोत. तिसऱ्याने नोटांप्रमाणे तक्ता लिहायचा, तिघांनी सह्या करायच्या. पैसे रात्री कुणाच्या घरी जाणार नाहीत, दुसऱ्या दिवशी बँकेत. चिल्लर बँकेत नेली की काउंटरवरचा माणूस तोंड वाकडं करतो (मीही केलेलं आहे), त्यापेक्षा पाववाल्याला विचारा, तो आनंदाने नोटा देईल. आणि पुढच्या रविवारी आकडा फलकावर लागलाच पाहिजे. जिथे आकडा लागतो तिथे पुढच्या वर्षी पेट्या जड येतात, हे मी खात्रीने सांगते.

पैसे नाहीत, वेळ आहे

असं सांगणारेही भेटतात, बहुतेक माझ्याच वयाचे. संत व्हिन्सेंट द पॉल संस्था अशांसाठीच आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली तेव्हा त्यांच्याकडेही पैसे नव्हते. गरिबाच्या घरी दोघांनी मिळून जायचं, ही रीत तेव्हापासूनची.

आमच्याकडे ती दिवाळीनंतर कामाला येते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांचं रेशनकार्ड गावचं असतं. आता त्याच कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी मशीनवर अंगठा उमटत नाही. विटा थापून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. मग दुसरं बोट लावून बघायचं, ओटीपीसाठी गावच्या भावाला फोन लावायचा, दुकानदार वैतागला तर त्याच्याशी गोड बोलायचं. यात एक सकाळ जाते. सोबत दोघं असली की काम होतं, एकटं गेलं की दुकानदार "उद्या या" म्हणतो. सध्या आमच्याकडे शनिवार सकाळसाठी माणसं कमी आहेत. मोटरसायकल असेल तर उत्तम, आणि मोबाइलवर कार्डाचा नंबर टाकून धान्य शिल्लक आहे का ते बघता आलं पाहिजे. मला ते नीट जमत नाही.